बाईंच्या टिकल्या नि सानिकेचा गुडघा

४ जानेवारी, रविवार
पहिली आली ती शेजारची शेवंता. गाडीचं दार उघडायच्या आत हजर, हाताला पीठ तसंच. तिला वाटलं, माझ्या नातीला, सानिकेला बघायला पाव्हणे आले. म्हणते, "गो काकी, मुलगा गाडीतच बसलाय का?" मुलगा कसला! दोघी डाक्टरणी, मुंबईच्या. थोरल्या बाई नि एक चष्मेवाली पोर. महाडला उतरल्यात. औषधाची पेटी नाय, नुसत्या वह्या. कबड्डीत कोण कोण पडलं, कधी, कुठल्या पायावर, घरोघर विचारतायत. पडलेल्यांची शिरगणतीच म्हणा ना.
सानिका खेळताना पडली त्याला तीन आठवडे झाले. गुडघा भोपळ्यासारखा. माघात देवीची जत्रा, त्यात मुलींचा सामना, तो बघूनच जिल्ह्याच्या संघात घेणार. पोर बोलत नाय, जेवत नाय. बाईंनी गुडघा वळवून बघितला. म्हणाल्या, "फाटल्यासारखं वाटत नाही, मुरगळलाय. पण खेळायचं की नाही, ते आत्ता नाही सांगणार."
कुळथाची पिठी नि नाचणीची भाकरी वाढली. पिठी कशी केली ते पण लिहून घेतलं! माझं शिक्षण दुसरी, नि माझं बोलणं डाक्टरीण लिहून घेते.

५ जाने., सोमवार
काय बघितलं आज! देवळाच्या ओट्यावर बाईंनी कागद लावला, त्यावर माणसाचं चित्र. जो पडला त्याची एक लाल टिकली, लागलं असेल तिथं. त्यांच्या टिकल्या संपल्या, शेवंताने घरनं पाकीट आणलं. बघता बघता गुडघे लालेलाल.
मग दुसरा कागद. सामन्यात कुठल्या वेळेला पडले? टिकल्या सगळ्या एका कोपऱ्यात, गुळाला मुंग्या लागाव्या तशा. मध्यंतरानंतर! माणसं वेगळी, सालं वेगळी, नि पडायची वेळ एकच. मी आजवर म्हणत होते, ज्याचं त्याचं नशीब. नशीब असं रांगेत उभं राहतं होय?
बाई म्हणाल्या, "त्या दिवशी खाल्लं काय होतं?" सानिकाच बोलली, "सामन्याच्या दिवशी कोण जेवतं? जिंकल्यावर देवीला नारळ फुटतो. तवर पाणी पण नाय."
एक टिकली माझ्या अनंताची. सानिकेचा बाप. मुंबईला असतो, फोनवरून विचारली. सानिकेसारखाच डावा गुडघा.
हा उपास घातला कुणी ते बाईंना नाय सांगितलं.

६ जाने.
सांगितलं. अनंता पहिल्यांदा संघात गेला तेव्हा उपासाचा नवस मीच बोलले होते. तेव्हा जिंकले, मग गावानेच धरलं. सानिका म्हणाली, "म्हणजे नवस तुझा नि उपाशी आम्ही!" खरंच की.
म्हटलं, बाई, वहीत माझं नाव लिवा. तर म्हणतात, "आजी, आम्ही नावं लिहीत नाही, काय घडलं ते लिहितो. आणि उपासानेच पडले असं नका धरू. जमीन खळ्यासारखी टणक, मुली अंग न तापवता उतरतात. रिकामं पोट हे त्यातलं एक."
केवढाली वही, नि दोष कुणाच्याच माथी नाय.

८ जाने., गुरु.
देवळात गेलो, दोघी डाक्टरणींना घेऊन. उपास देवीचा, तिला विचारल्याशिवाय कसा सोडायचा? धोंडू गुरवाने कौल लावला, देवीच्या दोन्ही अंगांना फुलांचे कळे चिकटवले. उजवा पडला तर हो. मी विचारलं, उपास मोडू का? दोन्ही चिकटून. पाय दुखले उभं राहून. शेवंता कुजबुजली, "देवी पण वही काढून बसली वाटतं." धोंडू मला म्हणतो, "काकी, मोडू का, असं इचारल्यावर ती काय बोलंल? नारळ सकाळीच फोडू का, असं इचार."
विचारलं. उजवा कळा टप्पदिशी खाली!
नारळ आधी, मग भाकरी-उसळ, केळं, पाणी, मग सामना. बाई डोळे मोठे करून बघत होत्या. चष्मेवालीने ते पण लिहिलं.

११ जाने., रवि.
बाईंनी सानिकेला दिलेला व्यायाम चालू. एका पायावर उभं राहायचं, बगळ्यासारखं. मी पण खांब धरून करते. सानिका हसली! किती दिवसांनी. उसळ मागून खाल्ली. सूज उतरलीय, पण जिना उतरताना अजून तोंड वाकडं करते, मला दिसतं.
दुपारी दोघी निघाल्या. सानिका गाडीपर्यंत गेली, विचारते, "जत्रेला उतरवाल ना मला?" बाई म्हणाल्या, "गुडघा सांगेल ते. उडी मारून बघू, तेव्हाच." खोटा धीर नाय दिला. पोर परत आली ती सरळ खांबापाशी.
जत्रेआधी परत येतो उडी बघायला म्हणाल्या, २५ तारीख, रविवार, सकाळच्याला.