ओल्या पोत्याचा वास

नाशिक

ती. आई,
पाया पडतो. मी वेळेवर जेवतो. निरगुडसरला गारठा पडला का? तुझे गुडघे कसे आहेत?

आमच्या वायनरीत बाटलीला बूच ठेवायचं की फिरकीचं झाकण, हे साहेबांनी मलाच विचारलं. बुचामुळे काही बाटल्यांना ओल्या पोत्याचा वास लागतो. त्या हुंगून बाजूला काढणं माझं काम. खरं तेच सांगितलं, झाकण बरं. साहेब हसले, "संपतराव, तुमच्या नाकाला आता पेन्शन!" दुसरं काम दिलंय, काळजी करू नकोस.

पण पावसात पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन बाबा शेतातून यायचे, तेव्हा हाच वास यायचा. ते गेल्यापासून अशी बाटली मी लगेच खाली ठेवत नव्हतो.

ती खोळ अजून धुतली नाहीस ना? धुऊ नकोस.

तुझा,
संपत