बाजेखालची शेगडी

प्रिय डिंपल,

सासऱ्याने सुनेला पत्र लिहावं, तेही ती बाळंतपणाला माहेरी असताना, असा आपल्याकडे रिवाज नाही हे मला माहीत आहे. पण फोन केला तर तू तो स्पीकरवर टाकतेस आणि घरदार ऐकतं. म्हणून हे पत्र तेजरामजवळ देतो आहे. तो उद्या भाजी घेऊन तुमच्या अड्याळच्या बाजाराला येतो, तुझ्या हातातच देईन म्हणाला आहे. एकटी असशील तेव्हा वाच. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, चुकलंमाकलं सांभाळून घे.

तुझी आई अंगणात घसरून हात मोडून बसली हे कळल्यापासून इथे मोहाडीत एकच धावपळ आहे. तुझी सासू परवा, सोमवारी सकाळच्या बसने तिकडे निघते आहे. महिनाभर राहील. डिंकाचे लाडू झाले, बाळंतशोपा निवडून झाल्या, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून झाली. तिथपर्यंत मीही खुशीत होतो. काल मात्र तिने माळ्यावरून शेगडी काढली आणि चिंच लावून घासायला बसली. ती तिच्या आईची शेगडी, जाड पत्र्याची. रात्री तुझ्या बाजेखाली ठेवायची म्हणून कोळशाचं पोतंही बांधून ठेवलं आहे. मी म्हटलं, एवढं ओझं कशाला, गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन जा. तर म्हणाली, "तुमाले काय समजते जी बाळंतिणीतलं? पौषाची थंडी हाये. कमरेत वारं शिरलं तं पोरगी जनमभर रडन." या घरात माझ्या भीतीला किंमत नाही, आणि दोष माझाच आहे, कारण मी कशालाही भितो.

तू पाहिलंच आहेस. उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरायचं तर मी आधी प्लग काढतो, पायात रबरी चप्पल घालतो, आणि पुन्हा सुरू केल्यावर टेस्टर लावून पाहिल्याशिवाय कोणाला जवळ जाऊ देत नाही. लोखंडी कूलर, खाली ओली फरशी, दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून बातमी येतेच. भूपेश हसतो. मागच्या वर्षी म्हणाला, "बाबा, आता कूलरलेच तुमची भीती वाटून राहिली." निजण्याआधी गॅसची टाकी बंद आहे का ते मी दोनदा पाहतो, वीज कडाडली की मेन स्विच पाडतो. अशा माणसाने शेगडी नको म्हटलं तर कोण ऐकेल? पुण्याहून भूपेशने काल रात्री फोनवर तेच सांगितलं, आईला तिच्या पद्धतीने करू द्या, आपण सगळे असेच वाढलो.

सगळे असेच वाढले, हे खरं आहे. पण आपली जुनी घरं कवेलूंच्या छपराची होती. वरून उजेड दिसायचा, धूर निघायचा, भिंतीला आणि छपराला हातभर फट असायची. खोलीत शेगडी ठेवली तरी घर श्वास घेत होतं. तुझ्या वडिलांनी नवं घर बांधलं, चांगलं केलं. त्यात वर स्लॅब आहे आणि खिडक्यांना सरकत्या काचा आहेत. भूपेशने नातीचा फोटो पाठवला तेव्हा सगळे तिचं नाक कोणासारखं ते पाहत होते. मी खिडकी पाहत होतो. काच घट्ट लावलेली, वरून चादर, आणि दाराखाली पोतं खुपसलेलं. काल शेगडी निघाली तेव्हा तीच खिडकी डोळ्यांपुढे आली.

लोक धुराला भितात. पण कोळसा फुलून लाल झाला की धूर नसतो, तेव्हाच माणूस निर्धास्त होतो. हे मला चिखल्याच्या खाणीत समजलं. आम्हा कामगारांना सुरक्षेचं शिकवायला एक साहेब आले होते. बंद जागेत आग असली की एक वायू होतो, म्हणाले, त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते, तो झोपतो आणि उठत नाही. मी मागच्या बाकावरून विचारलं, साहेब, घरातल्या शेगडीनेही? ते म्हणाले, "शेगडीनेही. छोटी खोली असली तर लवकर." पुढचं मी काही ऐकलं नाही. टोपी मांडीवर घेऊन बसून राहिलो. बाकीचे चहाला गेले तेव्हा कोणीतरी मला हलवलं.

आता ऐक बेटा. भूपेश माझा आणि मंदाचा पहिला नाही. त्याच्या आधी एक मुलगी झाली होती, अशाच पौषात, खाणीच्या क्वार्टरमध्ये. पक्की खोली, एक खिडकी, तीही थंडीमुळे बंद केलेली. मी व्हरांड्यात निजलो होतो, कारण बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाही. सकाळी मंदाच्या आईने दार उघडलं. मंदाला उलट्या होत होत्या, तिला उठवत नव्हतं. पोर मात्र गुलाबी दिसत होती, झोपल्यासारखी. बारसंही व्हायचं होतं. सगळे म्हणाले, सटवीने एवढंच लिहिलं होतं. मंदा आजही तेच मानते. भूपेश भर वैशाखात झाला, म्हणून शेगडी पुन्हा निघाली नाही. आणि साहेबांकडून कळल्यावर मी तिला काय सांगू? तिच्या आईने लेकीच्या मायेने पेटवलेली ती हीच शेगडी आहे. तिला ते कळलं तर ती उरलेलं आयुष्य कशी काढेल?

म्हणून तुला लिहितो आहे. तिला मी अडवू शकत नाही, तूच अडव. माझं नाव घेऊ नको, त्या मुलीचं तर मुळीच नको. म्हण, मला धग सोसत नाही. म्हण, डॉक्टरने मना केलं. ती चिडेल, शिकलेल्या पोरींचे नखरे म्हणेल, चार बायांत तुला हसेल. ते माझ्यासाठी सोस. शेक घ्यायचाच तर दुपारी अंगणात घे. निजायच्या खोलीत निखारा येऊ देऊ नको, राखेखाली दाबलेलाही नको. तरी कधी डोकं जड झालं, मळमळलं, तर विचार करत बसू नको, पोरीला उचल आणि बाहेर ये. खिडकी बोटभर उघडी ठेव, थंडीला दुपटी आहेत. पत्र वाचून झालं की चुलीत घाल. आणि मंगळवारी सकाळी उठल्या उठल्या मला फोन कर. तुझी सासू जवळच असेल, म्हणून यातलं काही बोलू नको. नुसतं पोरीचं रडणं ऐकव.

तुझाच,
बाबा
(केवळराम)