आडवा सात

२ जून, सोमवार
लागली बाई एकदाची नोकरी! सातपूरच्या कारखान्यांमागे छोटासा हृदयरोग दवाखाना आहे, तिथे ईसीजी काढायला मी. पेठहून आईलाही घेऊन आलेय. दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयात धातूची झडप बसवली. खोलीत शांतता असली की तिची टिकटिक ऐकू येते, म्हणून मी तिला घड्याळबाई म्हणते. पेपर आला की ती आधी शब्दकोडं धरते आणि एकही घर रिकामं सोडत नाही.

दवाखान्यातही कोडंच निघालं! माझ्या आधीचे जयरामभाऊ ईसीजीच्या चौकटीच्या कागदावर हृदयाची, रक्तवाहिन्यांची कोडी रचायचे. ते वारले, पण शेवटचं कोडं कपाटावर चिकटवलेलं आहे. चारच शब्द बाकी. चहावाले कादरचाचा म्हणाले, तेजू बेटी, पहिल्या पेशंटआधी एक शब्द भरायचा, ही इथली भवानी. मी हसत भरला. 'शिरेत थिजलेलं रक्त' : गुठळी.

३ जून
कालच्या पहिल्याच पेशंटच्या पायात गुठळी निघाली. पहाटे तो गेला म्हणे. वाईट वाटलं, पण अशा दवाखान्यात गुठळी नाही तर काय निघणार? आज भरला, 'छातीत अचानक येतो' : झटका.

४ जून
वॉचमन धोंडीरामकाका काल गेटवरच कोसळले. झटका. सकाळीच मला ओंजळभर जांभळं दिली होती त्यांनी. मला रडू आवरेना. आज शब्द भरायला नको म्हटलं, तर चाचा म्हणाले, वेडी आहेस का, आणि आजची भवानी त्यांनीच केली. धडधड.

५ जून
चाचांची धडधड थांबेना. आयसीयूत आहेत. माझा हात धरून म्हणाले, जयरामचा शेवटचा शब्द 'ठोका' होता, लिहून खुर्चीत बसला आणि ठोका सापडलाच नाही. हे आधी का नाही सांगितलं?

६ जून
कोडं आज नीट पाहिलं. आडवा सात, 'हृदयाचं दार', तीन अक्षरी. कुणी हात न लावताच दोन अक्षरं बसलीत. उभ्या झटक्यातून झ, उभ्या धडधडीतून ड. उरलंय एकच घर.

झडप बदललेलं माझं एकच माणूस आहे.

भरलं नाही. कागदच काढून आणला. जाळायला धीर होत नाही. त्यातले सगळे शब्द एकदम खरे झाले तर — उद्या नदीवर जाऊन सोडून देते. पर्समध्ये ठेवलाय.

७ जून, दुपार
सकाळी फोन आला, चाचा गेले. तशीच धावले. पर्स घरी —

परत आले तर आई चष्मा लावून बसलेली. कागद मांडीवर. खुशीत म्हणाली, येकच घर राह्यलं होतं गं, लय सोपं, भरलं मी.

प.

शाई वाळलेली.

डॉक्टरांना फोन केला. काय सांगू त्यांना? येतो म्हणाले, तासाभरात —

पंखा बंद केलाय, म्हणजे ऐकू येईल. लय उकडतंय, आई म्हणते. माझ्या खांद्यावर डोकं टेकलंय, जरा पडते म्हणाली. एका हाताने लिहितेय.

ऐकू येतंय.

अजून ऐकू येतंय. अजून —