मळा मुलाला, खड्डे सोसायटीला

मी, खाली सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा कॉफीची शेती, कॉफी उत्पादकांच्या सोसायटीची माजी अध्यक्ष, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, कानाने थोडे कमी ऐकू येते पण समजते सगळे, आणि हा कागद मी कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने लिहीत नाही. गुडघे गेले आहेत, चढ चढताना दम लागतो, आणि खरे सांगायचे तर आता कंटाळा आला आहे. कंटाळलेला माणूस नीट लिहितो, कारण त्याला कोणाची मर्जी राखायची नसते.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे सोसायटीला होते आणि मुलाला काहीही नव्हते. ते रद्द समजावे. का, ते पुढे येईल.

१. घर. राहते घर माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एक मुलाचे. माझी धाकटी बहीण विधवा झाल्यापासून माझ्याकडे राहते. तिला हयात असेपर्यंत या घरात राहण्याचा हक्क आहे, आणि खिडकीची खोली तिची. "मावशी, आता तुमचा विचार काय?" असे तिला कोणीही गोड आवाजात विचारू नये. त्या आवाजाचा अर्थ आम्हा दोघींना कळतो.

२. बँकेतली शिल्लक बहिणीला, औषधपाण्यासाठी. छाटणीच्या कात्र्या, टोपल्या आणि साल काढायचे हाताचे जुने यंत्रही तिलाच. तिला कात्रीला धार लावता येत नाही. पण दुसऱ्या कोणाला दिल्या तर ती माझ्या फोटोशी भांडेल.

३. वरचा शेजारी. त्याने जास्त पिकाच्या हव्यासाने मळ्यातली सावलीची झाडे सरसकट तोडली. पहिली दोन वर्षे पीक आले, तेव्हा मला फाटकात उभा राहून ऐकवायचा, "काकू, तुम्ही पाखरं पाळा, मी कॉफी पिकवतो." आता त्याची जमीन उघडी पडली आहे आणि दर पावसाळ्यात त्याची चांगली माती वाहून माझ्या बांधाशी येते. त्याला माझ्याकडून काही देणे नाही. ती माती मात्र त्याची आहे, त्याने पाटी घेऊन यावे आणि न्यावी. माझी हरकत नाही.

४. फोटो. परदेशी विकल्या जाणाऱ्या आमच्या कॉफीच्या पाकिटावर दोन हात आहेत, ते माझे. फोटोवाल्याने आधी साबणाने धुवायला लावले, मग शोभा यावी म्हणून थोडी माती लावली. ते पाकीट कोणी फ्रेम करून भिंतीवर लावू नये.

५. खड्डे. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

कॉफीची फळे सोलून धुतली की आंबट, तपकिरी पाणी सुटते. ते आम्ही वर्षानुवर्षे ओढ्यात सोडत होतो. ओढ्याच्या काठी खाली वस्ती आहे, तिथे माझी हीच बहीण दिली होती. तोडणीच्या हंगामात मी एकदा तिच्याकडे गेले. ऊन चढले होते. बराच वेळ बसले, पण तिने पाणी विचारले नाही. शेवटी मीच मागितले.

"ताई, तुमच्याकडूनच आलेलं पाणी आहे," ती म्हणाली. "देऊ का?"

मी तशीच तहानलेली चढ चढून घरी आले.

त्याच सुमारास आमची सोसायटी रास्त व्यापारात शिरली. बाजार कितीही पडला तरी एका ठरलेल्या भावाखाली आमची कॉफी घ्यायची नाही, असे खरेदीदारांनी कबूल केले, आणि वर दरवर्षी सोसायटीला थोडा निधी. तो कशावर खर्चायचा हे सभासदांनी हात वर करून ठरवायचे. अर्ध्या लोकांना डांबरी रस्त्यापासून वाडीपर्यंत पक्का रस्ता हवा होता. अर्ध्यांना, मी धरून, हे पाणी मुरवायला आणि गाळायला खड्डे हवे होते. हात मोजले, सारखे निघाले. माझ्या यजमानांचा हात रस्त्यासाठी वर होता. अध्यक्ष म्हणून शेवटचे मत माझे. मी ते खड्ड्यांना दिले, आणि जागा कोणी देईना म्हणून माझ्याच मळ्याचा खालचा तुकडा दिला.

घरी येताना हे पुढे, मी मागे. फाटकापाशी थांबून म्हणाले, "अध्यक्षीणबाई, आज स्वयंपाक कोणी करायचा तेही हात वर करून ठरवायचं का?"

"मुलगा सोडला तर दोघंच आहोत. सारखेच हात होतील."

"म्हणजे परत तुझंच मत!" म्हणाले आणि हसत सुटले. राग धरणे त्यांना जमायचेच नाही. ते काम घरात मी आणि मुलगा करायचो.

पुढच्याच पावसाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली. गाडी चिखलात खालीच अडकली. मुलगा आणि तीन शेजारी त्यांना खाटेवर घालून निघाले, मी मागून. डांबरी रस्ता दिसू लागला तिथे ते गेले. मुलाने खाट खाली ठेवली. त्याचा खांदा सोलवटला होता.

"आई, ओढा स्वच्छ झाला ना?" तो म्हणाला. "मग झालं."

त्यानंतर तो रस्त्याच्या कामावर मजूर म्हणून गेला, पुढे मुकादम झाला. घरी येणे बंद. मावशीला फोन करायचा आणि विचारायचा, "ती कशी आहे?" ती म्हणजे मी.

मी चुकले असे मी लिहिणार नाही. खालच्या वस्तीत आता ओढ्याचे पाणी पितात. पण मी बरोबर होते असे लिहायला गेले की पेन थांबते. या दोन वाक्यांच्या मध्ये मी इतकी वर्षे उभी आहे, आणि थकले आहे ती उभी राहून. मळ्यातल्या कामाने कोणी एवढे थकत नाही.

या वर्षी सोसायटीत रस्त्याचा ठराव झाला. सगळे हात वर गेले, माझाही. ठेकेदाराची माणसे आली आणि त्यांचा मुकादम म्हणून माझा मुलगा. नकाशात रस्ता सरळ होता, खड्ड्यांवरून. सकाळी मी काठी टेकत खाली गेले तर चुन्याची रेघ खड्ड्यांना वळसा घालून माझ्या मळ्यात शिरली होती. तो रेघेच्या टोकाशी उभा होता.

"वळण घेतलंय," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

"साहेब ओरडतील."

"ओरडून झालं त्यांचं. तुझी सावलीची पाच झाडं जातील. त्याहून कमी होत नाहीत, बघितलं मी."

"खड्डे बुजवले असतेस तरी कोणी बोललं नसतं."

त्याने हाताचा चुना पँटला पुसला. "काल खाली गेलो होतो. पोरं ओढ्यात डुंबत होती."

"चहा टाकू?"

"माणसं खोळंबलीत, आई."

आणि गेला. घरात आला नाही. येईल अशी आशा धरून मी हे लिहीत नाही. त्याने 'आई' म्हटले एवढे नोंदवते.

तर, खड्ड्यांचा तुकडा मी तोंडी दिला होता, तो आता लेखी सोसायटीला देते. तोडणीआधी गाळ काढावा. तो नव्या अध्यक्षाने स्वतः उभे राहून काढून घ्यावा, फोटो काढायला पाहुणे येण्याची वाट बघू नये.

६. मळा. उरलेला सगळा मळा मुलाला. झाडे तोडू नयेत अशी अट घालायची होती. वकील म्हणाले, "कायमची अट टिकत नाही, बाई. गेलेल्या माणसाला मळ्यावर पहारा देता येत नाही." म्हणून अट घालत नाही.

बाळा, एवढेच सांगते. पाऊस आता ताळ्यावर नाही, फुलोरा कधीही येतो आणि गळतो. सावली आहे तेवढीच जमीन ओल धरते, आणि झाडांवरची पाखरे खोडकिडे वेचतात. वरचा शेजारी विकत मागायला येईल. विकू नकोस असेही मी म्हणत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीने हात वर केला. या जमिनीपुरता तो तुझा तू कर.

७. माझे शेवटचे. रस्ता पुरा व्हायच्या आत मी गेले, तर मला त्या उताराने खाली नेऊ नये. जे काय करायचे ते इथेच, मळ्याच्या वरच्या अंगाला करावे. माणसे जमतील, खांदा द्यायला पुढे येतील, त्यांना येऊ द्यावे. मुलाला मात्र कोणी बोलावू नये आणि अडवूही नये. त्याने एकदा वाहिले आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. एका ठिकाणी पुन्हा वाचायला लावला, तो बरोबर आहे. सही वाकडी आली आहे, ती माझीच.

सही: (मळ्याची मालकीण)

साक्षीदार:
१. दवाखान्यातली नर्स. माझी प्रकृती तिला माहीत आहे.
२. सोसायटीचा तराजूवाला. सभेत त्याचा हात रस्त्यासाठी होता, आणि खाटेचा एक पाय त्याच्या खांद्यावर होता.

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: तोडणी संपल्यानंतरचा पहिला रविवार