अण्णांच्या नंबरवर रिंगिंग

मंगळवार, संध्याकाळ

थोरले बंधू अण्णा गेले, तरी वहिनी रोज त्यांच्या नंबरवर इंटरनेटचा कॉल लावतात. स्क्रीनवर नुसतं 'कॉलिंग' येतं, मग त्या जेवायला बसतात. आज हसनाबादहून मला फोन करून चिडून म्हणाल्या, "भाऊजी, आज रिंगिंग आलं. त्यांचा फोन तुमच्यापाशी हाय ना? मंग उचलला का न्हाई?"

रिंगिंग? कॉल आधी सर्व्हरकडे जातो, सर्व्हर समोरचा फोन शोधतो. तो सापडला तरच रिंगिंग. अण्णांचा फोन तर माझ्या कपाटात बंद पडलाय. नंबर दुसऱ्याला मिळाला असेल? पण नंबरवरचा फोटो अण्णांचाच, फेटा बांधलेला.

खरं सांगितलं तर वहिनी त्यांची वाट बघत बसतील. आत्ता कुठं सावरल्यात. म्हणालो, "मीच चालू केल्ता. उचलायचा धीर झाला न्हाई."

"मंग उद्या उचला. मी बिलकुल बोलणार न्हाई. नुसतं कुणीतरी उचललेलं पाह्यचंय."

अण्णांचा फोन काढून टेबलावर ठेवला. काळा, थंड. माझ्या फोनवरून कॉल लावला. रिंगिंग. टेबलावरचा गप्पच. कट करणार, तेवढ्यात माझ्या स्क्रीनवरचं रिंगिंग गेलं आणि तिथं सेकंद पळायला लागले.

पलीकडून कुणी बोललं नाही. मीही नाही.