गाळणीत काय भरायचं?

९ जानेवारी, शुक्रवार

फिल्टरमधून पाणी येईना झालंय. म्हणजे येतं, पण करंगळीएवढी धार. ताई असती तर लगेच बाह्या सरसावून डबा उघडून बसली असती. मी नुसती टाकीसमोर उभी. एंजल मासा माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. कळत दोघांनाही काही नाही!

शेवटी ताईला फोन. "आतलं भरण जुनं झालंय गं. स्पंजचा तर भुगा व्हायला आलाय. नवं आण. पण दुकानदार गळ्यात मारेल ते महागडं उचलून आणू नकोस, स्वस्तातही चांगलं मिळतं." स्वस्तातलं चांगलं म्हणजे कुठलं? तेवढ्यात तिला प्रयोगशाळेतून कुणीतरी हाक मारली, फोन बंद.

परत कधी येणार हे विचारायचं राहूनच गेलं. वर्षअखेरपर्यंतची बदली म्हणून गेली होती. वर्ष संपलं. विचारलं की म्हणते, "बघू." आईबाबांच्या मागे या घरात आम्ही दोघीच. मला एकटीला हे घर खायला उठतं — तिला तसं सांगत नाही, पण इथे लिहायला काय हरकत आहे. ती परत यायला हवी. बास.

१० जानेवारी, शनिवार

माशांच्या दुकानात गेले. देवा रे! मला वाटलं होतं, एक पुडी मागायची आणि निघायचं. तिथे भिंतभर मांडून ठेवलंय. चिनी मातीच्या पांढऱ्या नळ्या. काचेच्या भुकटीपासून केलेल्या नळ्या — दिसायला तशाच, किंमत ऐकली की वेगळ्या. काळे खडबडीत लाव्हा दगड. प्लास्टिकचे काटेरी गोळे. कोळसा. जाड स्पंज, बारीक स्पंज, कापूस. दुकानदार एकेक पाकीट हातात देतो आणि म्हणतो, "हे तर लागतंच."

"पण यांत फरक काय?"

"छिद्रांचा, मॅडम. छिद्रांत जंतू राहतात."

"मग जंतू नसलेलं द्या ना!"

तो एवढा हसला, की मी काही न घेताच बाहेर पडले.

१२ जानेवारी, सोमवार

आमच्या चष्म्याच्या दुकानात फ्रेम बसवणाऱ्या काकांकडेही टाकी आहे. त्यांना विचारलं. "कशाला खर्चात पडतेस? भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळ्या भर. नव्या कोऱ्या घे म्हणजे झालं." घरी येऊन व्हिडिओ बघितले. एक दाढीवाला म्हणतो, लाव्हा दगडच घ्या. दुसरा म्हणतो, कोळशाशिवाय पाणी साफ होणारच नाही. तिसरा म्हणतो, कोळसा घेणारा मूर्ख. डोक्याचा पार भुगा. लग्नाचं स्थळसुद्धा माणूस याहून लवकर ठरवतो.

१३ जानेवारी, मंगळवार

नवं ठरेना, तर निदान जुनं तरी धुवावं! सकाळीच डबा उघडला. शी! तपकिरी, बुळबुळीत, शेवाळी वासाचं. दिवसभर भिंगं पुसणारी मी, काचेवर बोटाचा ठसा दिसला तरी मला चैन पडत नाही. स्पंज आणि डबा गरम पाण्यात भांड्यांच्या साबणानं खसाखसा घासले. लख्ख! डब्यातल्या जुन्या चिनी मातीच्या नळ्या धुवायला वेळच उरला नाही, तशाच आत ढकलल्या आणि कामाला पळाले. धार मात्र झकास पडते आता. उगाच भीत होते.

१५ जानेवारी, गुरुवार

पाणी दुधासारखं झालंय. सगळे मासे वर येऊन आ वासतायत.

ताईला रडतच फोन केला. "साबण? साबणानं धुतलंस?" एवढी ओरडली! "अगं, ती घाण नव्हती. त्या बुळबुळीतच जंतू असतात, तेच पाणी स्वच्छ राखतात. तू त्यांनाच धुवून काढलंस!" मग एकदम हळू आवाजात, "आणि नळ्या?" म्हटलं, त्या राहिल्या. तिनं मोठा श्वास सोडला. "मग आपले मासे वाचतील. साबणाचा तो स्पंज फेक. थोडं थोडं पाणी बदल. खायला घालू नकोस."

आपले मासे म्हणाली.

१६ जानेवारी, शुक्रवार

एक निऑन मासा गेला. बाकीचे पुन्हा खाली पोहतायत. मी कामावर दोनदा चुकीचं भिंग काढलं.

१७ जानेवारी, शनिवार

अखेर घेतलं! साधा जाड स्पंज — मोठा तुकडा घेऊन कात्रीनं मापात कापला. थोडा कापूस. लाव्हा दगडांची सगळ्यात लहान पिशवी. काचेच्या नळ्या नाहीत, कोळसा नाही. दुकानदाराचं तोंड पडलं, पण एक गोष्ट त्यानं आपणहून सांगितली — जुन्या नळ्या काढू नका, त्यांना चिकटूनच दगड ठेवा. जंतू हळूहळू दगडांवर पसरतील. दगड टाकीतल्याच पाण्यानं खंगाळले. बरोबर केलं का, कुणास ठाऊक. काका म्हणाले, "जाळ्याच भरायच्या होत्यास."

२१ जानेवारी, बुधवार

ताई रविवारी येतेय! स्वतःहून फोन केला. "मी आले की बघते सगळं. तोवर जुन्या नळ्यांतल्या निम्म्या काढून एका डब्यात ठेव — टाकीच्याच पाण्यात. धुवू नकोस हं, बाई!"

निम्म्याच का? मला तर अजूनही या भरणाचं गणित कळत नाही. तपासणार असेल. तिच्या प्रयोगशाळेत भिंगाखाली काय काय बघतात. असो! तिची चादर बदलली. तिच्या कपाटातले माझे स्वेटर काढले.

२३ जानेवारी, शुक्रवार

काकांना सांगितलं, ताई येतेय, निम्म्या नळ्या काढून ठेवायला सांगितल्यात. ते स्क्रू पिळता पिळता थांबले. "निम्म्या?" म्हटलं, हो. काहीतरी बोलणार होते, पण म्हणाले, "बरं. बरं." आणि पुन्हा फ्रेममध्ये डोकं घातलं. हे काका पण ना!

२५ जानेवारी, रविवार

ताई येऊन गेली. तिकडे घर घेतलंय तिनं, टाकीही घेतलीय. जुन्या नळ्या घातल्या की नव्या टाकीतही मासे पहिल्या दिवसापासून जगतात म्हणे. नळ्यांचा डबा मांडीवर धरून गाडीत बसली. म्हणाली, "ही टाकी आता तुझीच." मी हो म्हटलं.