सातशे पन्नासच्या खालची ताई

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, धंदा पूर्वी लाँड्री, हल्ली नुसता जिना चढणे-उतरणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचाही दबाव नाही. चिरंजीवांनी आणून पाहिला, जमला नाही.

१. चार ब्लॉकची ही इमारत माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. लोकांचे शर्ट धुऊन, इस्त्री करून, रोख पैशांत बांधली. कधी रुपयाचं कर्ज काढलं नाही, आणि त्याचा मला भारी तोरा होता. गच्चीच्या दुरुस्तीसाठी बँकेत गेले, तर तिथला साहेब म्हणतो, "आजी, तुमचा क्रेडिट स्कोअरच नाही. कर्जच घेतलं नाहीत, तर तुम्ही फेडता की बुडवता हे आम्हाला कळणार कसं?" घ्या! मग त्याच्या सल्ल्याने नको असलेला मिक्सर हप्त्यांवर घेतला. सदर मिक्सर अजून खोक्यात आहे. तो चिरंजीवांना द्यावा.

२. इमारतीचा कारभार चिरंजीव पाहतात. भाडेकरूचा स्कोअर सातशे पन्नासच्या खाली असेल तर दारातूनच नमस्कार, हा नियम त्यांचा. तळमजल्यावर त्यांनी आठशे बारावाला आणला. आकडा बघून इतके हुरळले की अनामतसुद्धा घेतली नाही. तो सद्गृहस्थ दोन महिन्यांचं भाडं बुडवून गेला, जाताना नळ काढून घेऊन गेला. बँकेचे हप्ते मात्र अजूनही वेळेवर भरत असेल.

३. त्याच ब्लॉकसाठी आधी आणखी एकीने विचारलं होतं. माझ्या लेकीने. संसार मोडून दोन बॅगा घेऊन आली होती. मी तेव्हा खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात. तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे आमच्या चिरंजीवांनीच, तिचा आकडा तपासला, पाचशे नव्वद निघाला. म्हणाला, "ताई, नियम सगळ्यांना सारखा. वाईट वाटून घेऊ नकोस हं." मी घरी आले तोवर आठशे बारावाल्याशी करार झालेला.

लेकीचा आकडा पडला कसा, तेही नमूद करते. भाड्याने द्यायला म्हणून चिरंजीवांनी गावाबाहेर दोन फ्लॅट कर्जावर घेतले. बँकेने जामीनदार मागितला, सही हिने केली. फ्लॅट रिकामे राहिले, हप्ते थकले, दोघांचेही आकडे घसरले. त्यांनी पुढे क्रेडिट कार्डं वापरून, वेळेवर फेडून आपला वर आणला. हिच्या नावावर दुसरं कर्जच नाही, म्हणून डाग तसाच. ती नोकरी करते, भाडं देऊ शकते, पण घर कोणी देत नाही. पन्नाशीला आलेली माझी पोर तिघींबरोबर एका खोलीत राहते. जीव तुटतो माझा.

नळ गेल्यावर मी तिला म्हटलं, "ये आता, ब्लॉक रिकामा आहे." ती म्हणाली, "आई, मी नियमात बसत नाही गं," आणि हसली. ते हसणं मला सहन झालं नाही.

४. सबब, ही संपूर्ण इमारत मी लेकीला देते. चिरंजीवांनी आदळआपट करू नये. त्यांचे दोन फ्लॅट त्यांचेच आहेत, तिच्या सहीवर उभे राहिलेले. बँकेतली ठेव सूनबाईला. दवाखान्यात ती डबा घेऊन यायची, नियम घेऊन नाही.

५. चिरंजीवांना सध्याच्या ब्लॉकमध्येच राहायचं असेल तर त्यांनी ताईकडे भाडेकरू म्हणून रीतसर अर्ज करावा. मी लेकीला विचारलं, "त्याचा स्कोअर बघशील ना गं?" तर म्हणते, "सही केली तेव्हा कुठे बघितला होता?" हे वाक्य काढा असं वकीलसाहेब म्हणाले. काढू नये.

ठिकाण: राहतं घर, वरचा मजला.
तारीख: पाच, म्हणजे चिरंजीवांच्या हप्त्याची.

सही: आई

साक्षीदार:
१. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई.
२. कोपऱ्यावरचे किराणावाले. यांनी सही करण्याआधी दोनदा विचारलं, "आजी, हा जामीन नाही ना?"